टायरेसियसचं बाई होणं हा शाप नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीक पुराणकथांवर जे पानभर आलं होतं ते मी दोनदा वाचलं. मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा मिळाली याचा आनंद झाला, पण त्यात कोपऱ्यात टायरेसियसचं चित्र होतं आणि खाली एकच ओळ, 'देवांच्या शापाने स्त्री झालेला आंधळा ज्योतिषी'. ती ओळ वाचल्यापासून मनातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबणार आहे, जागेअभावी कापावं लागलं तर कापा, फक्त शापाबद्दल जे लिहितोय तेवढं ठेवा अशी विनंती.

आधी मूळ गोष्ट, कारण बऱ्याच जणांना ती अर्धीच माहीत असते. टायरेसियस हा थीब्ज शहराचा द्रष्टा. तरुण असताना रानातून जाताना त्याला दोन मोठे साप जुळलेले दिसले, त्याने काठी मारली आणि तो पुरुषाचा बाई झाला. काही ठिकाणी हे किलीनी पर्वतावर घडतं, काही ठिकाणी किथेरॉनवर. सात वर्षं तो बाई म्हणून जगला. आठव्या वर्षी तेच साप परत तसेच दिसले, परत काठी मारली, परत पुरुष. पुढे एकदा देवांचा राजा झ्यूस आणि त्याची राणी हेरा यांच्यात वाद झाला की शरीरसुखात जास्त वाटा कुणाचा, बाईचा की पुरुषाचा, आणि दोघांनी ठरवलं की टायरेसियसला विचारू कारण त्याने दोन्ही बाजू पाहिल्यात. त्याने झ्यूसच्या बाजूने कौल दिला, हेसिअडच्या नावावर असलेल्या जुन्या काव्यात तर आकडाच आहे की दहा वाटे केले तर पुरुषाच्या वाट्याला एकच येतो. हेरा भडकली आणि तिने त्याचे डोळे घालवले. एका देवाने केलेलं दुसऱ्या देवाला पुसता येत नाही असा नियम, त्यामुळे झ्यूसने बदल्यात त्याला भविष्य कळण्याची शक्ती दिली.

आता यात शाप कुठाय ते सांगा. रोमन कवी ओव्हिडने इसवी सन ८ च्या सुमारास आपल्या 'मेटामॉर्फसिस'च्या तिसऱ्या भागात ही गोष्ट जेमतेम वीस-बावीस ओळींत सांगितलीय, आणि टायरेसियस बाई झाला तिथे कुठल्याही देवाचं नावच नाही. कुणी रागावत नाही, कुणी 'जा, तू बाई हो' असं म्हणत नाही. ओव्हिड तिथे एक शब्द मध्येच टाकतो, 'मिराबिले', म्हणजे आश्चर्यच! बाई होणं ही त्याच्या लेखी नवलाची गोष्ट आहे. शिक्षा होते ती नंतर, डोळ्यांची, आणि ती होते खरं उत्तर दिलं म्हणून. क्रम बघा ना. बाई होण्याचं आणि आंधळं होण्याचं कारण एकच धरून आपण दोन्ही एका ओळीत 'शाप' म्हणून कोंबलं, आणि तिथेच सगळी गोष्ट उलटी झाली.

आणखी दोन बारीक गोष्टी आहेत ज्या माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या आहेत. पहिली, दुसऱ्यांदा साप दिसतात तेव्हा टायरेसियस (तेव्हा ती बाई आहे) चुकून काठी मारत नाही. ती सापांना उद्देशून म्हणते की तुम्हाला मारल्याने मारणाऱ्याचं रूप पालटत असेल तर आता परत मारून बघते. म्हणजे पहिल्यांदा जे अपघाताने झालं ते दुसऱ्यांदा तिने विचार करून, अंदाज बांधून, करून पाहिलं. हा प्रयोग आहे! सात वर्षं ती नुसती रडत बसली असती तर हे सुचलं नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे झ्यूस-हेरा त्याला बोलावतात तेव्हा ओव्हिड त्याला 'डॉक्टस' म्हणतो, म्हणजे विद्वान, जाणकार. अजून डोळे गेलेले नाहीत, भविष्य कळायला लागलेलं नाही, तरी तो आधीच जाणकार आहे. कशाने? तर ओव्हिडच पुढे सांगतो, प्रेमाच्या दोन्ही बाजू त्याला ठाऊक होत्या. देवांच्या राजा-राणीला आपसातल्या भांडणात लवाद नेमायचा होता आणि त्यांना सगळ्या जगात हा एकच माणूस सापडला. झ्यूसला बाईपण कळत नाही, हेराला पुरुषपण कळत नाही, याला दोन्ही कळतं. हे ज्याच्या बाबतीत लिहिलंय त्याला तुम्ही शापित म्हणून छापलंत, याचं मला खरंच वाईट वाटलं.

'ज्योतिषी' शब्दही चुकलाय, ते लगेच सांगून टाकतो. टायरेसियस ग्रह-तारे बघत नाही. तो पक्ष्यांचे आवाज ऐकतो आणि यज्ञातला अग्नी कसा पेटतो यावरून सांगतो. सोफोक्लीसच्या 'अँटिगनी' नाटकात तो एका मुलाचा हात धरून स्टेजवर येतो आणि क्रेऑन राजाला सांगतो की पक्षी एकमेकांना ओरबाडतायत, त्यांचं ओरडणं मला आता कळेनासं झालंय, आणि वेदीवर चरबी नुसती वितळून धुमसतेय, पेट घेत नाहीये. हे धुमसणं त्याने स्वतः पाहिलेलं नाही, सोबतच्या मुलाने पाहून त्याला सांगितलंय. तो म्हणतो, हा मुलगा मला वाट दाखवतो तशी मी इतरांना दाखवतो.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे, नाहीतर कुणीतरी जाणकार वाचक मला पकडेल आणि ते योग्यच असेल. टायरेसियसच्या सगळ्याच कथांत हा स्त्री-पुरुष बदल येत नाही. 'ओडिसी'चा कवी होमर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. सोफोक्लीसही नाही. आणि इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या कॅलिमाकस कवीने तर वेगळंच कारण दिलंय, की टायरेसियस नुकती दाढी फुटू लागलेला तरुण मुलगा असताना शिकारीला गेला, तहान लागली म्हणून झऱ्यावर आला आणि तिथे अथीना देवी त्याच्या आईबरोबर अंघोळ करत होती, त्याने नको ते पाहिलं आणि दृष्टी गेली. त्याची आई कॅरिक्लो ही अथीनाची अगदी जवळची मैत्रीण. ती आक्रोश करते की माझ्या लेकराचे डोळे घेतलेस, कसली ही मैत्री. अथीना तिला समजावते की हा नियम माझा नाही, जुना आहे, आणि पुढे अ‍ॅक्टिऑनची आई आपल्या मुलाची (त्याने आर्टेमिस देवीला अंघोळ करताना पाहिलं म्हणून त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडलं) हाडं रानात वेचत फिरेल तेव्हा ती म्हणेल की कॅरिक्लो नशीबवान, तिला मुलगा आंधळा का होईना पण जिवंत परत मिळाला. मग अथीना त्याला पक्ष्यांची भाषा देते, चालायला मोठी काठी देते, दीर्घ आयुष्य देते. अपोलोडोरसच्या नावाने जो कथासंग्रह आहे त्यात तिने त्याचे कान स्वच्छ करून दिले म्हणून पक्ष्यांचं बोलणं कळायला लागलं असं आहे.

ही दोन्ही व्हर्जन शेजारी ठेवली की मला एक गोष्ट दिसते. एकात तो पुरुष-बाई ही सीमा ओलांडतो, दुसऱ्यात माणूस-देव ही. पक्ष्यांची भाषा कळणं म्हणजे माणूस-प्राणी ही सीमा. आणि होमरमध्ये तर तो जिवंत-मेलेला ही सीमा मोडतो. 'ओडिसी'त सर्सी ही जादूगार देवी समुद्रात भटकणाऱ्या ओडिसियस राजाला सांगते की तुला घरी जायचं असेल तर आधी पाताळात जाऊन टायरेसियसला विचार, कारण मेल्यावरही पाताळाची राणी पर्सेफोनीने फक्त त्याचीच बुद्धी शाबूत ठेवलीय, बाकीचे सगळे नुसत्या सावल्या. ओडिसियस तिथे खड्डा खणतो, मेंढ्यांचं रक्त ओततो आणि सावल्या रक्तासाठी गर्दी करतात, त्यात त्याची स्वतःची आई येते. ती मेलीय हेही त्याला माहीत नव्हतं. तो रडतो, पण टायरेसियसशी बोलणं होईपर्यंत तलवार धरून आईलासुद्धा रक्ताजवळ येऊ देत नाही. आई मुकाट बसून राहते, मुलाला ओळखतसुद्धा नाही. टायरेसियस मात्र रक्त प्यायच्या आधीच त्याला ओळखून नावाने हाक मारतो. मग तो सांगतो की घरी पोचलास तरी परत निघ, खांद्यावर वल्हं घेऊन आत आत चालत जा, जिथे कुणी समुद्र पाहिलेला नाही आणि कुणी विचारेल की हे धान्य उफणायचं काय खांद्यावर घेतलंयस, तिथे ते वल्हं जमिनीत रोव. बघा, वल्ह्याची गोष्टसुद्धा तीच आहे, तीच वस्तू एका मुलखात एक असते आणि दुसऱ्या मुलखात दुसरी. हे होमरने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण ही गोष्ट टायरेसियसच्याच तोंडी आहे हे मला फार आवडतं.

तर माझा मुद्दा एवढाच की ग्रीकांच्या कल्पनेत द्रष्टा हा उंबऱ्यावरचा माणूस आहे, आत-बाहेर दोन्ही बघणारा, आणि बाई-पुरुष हा उंबरा त्यातला एक, आणि माझ्या मते सगळ्यात धाडसाचा. ती अडचण मानून बाजूला काढली तर टायरेसियस हा नुसता म्हातारा आंधळा उरतो.

हे फक्त एका टायरेसियसपुरतं नाहीये. डेल्फीच्या पिथियाचं, म्हणजे तिथल्या अपोलोच्या देवळात कौल देणाऱ्या पुजारणीचं बघा. अपोलो हा पुरुष देव, पण बोलतो बाईच्या तोंडून, आणि बोलतो 'मी' म्हणून. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलंय की लिडियाच्या क्रीसस राजाने सगळीकडच्या कौलांची परीक्षा घ्यायला माणसं पाठवली, ठरलेल्या दिवशी विचारायचं की राजा आत्ता काय करतोय. डेल्फीत पिथिया म्हणाली की वाळूचे कण किती ते मला ठाऊक आहे, समुद्राचं माप ठाऊक आहे, मुक्याचं मला कळतं, न बोलणाऱ्याचं मला ऐकू येतं, आणि मला वास येतोय कासवाचा, ब्राँझच्या भांड्यात कोकराच्या मांसाबरोबर शिजणाऱ्या. राजा खरंच तेच शिजवत होता. अंगात येणं म्हणजे काय हे ज्याने कधी पाहिलंय त्याला हा 'मी' कुणाचा हे वेगळं सांगायला नको. आणि या पिथियाबद्दल डायोडोरस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की पूर्वी तिथे तरुण मुलगी बसायची, पण थेसलीच्या एकेक्रेटीस नावाच्या माणसाने तिच्यावर जबरदस्ती केली, त्यानंतर नियम झाला की पन्नाशी ओलांडलेली बाई बसेल, पण कपडे कुमारिकेचेच घालेल. म्हणजे देव पुरुष, तोंड बाईचं, वय म्हातारीचं, वेष पोरीचा. एवढं सगळं एकत्र आलं की मग तिथे कौल मिळतो.

ग्रीसच्या बाहेरचं पण ग्रीकांनीच लिहून ठेवलेलं एक उदाहरण आणखी थेट आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेला सिथियन लोक राहायचे, त्यांच्यात एनारी नावाचे भविष्य सांगणारे होते ज्यांना हिरोडोटस स्पष्टपणे बायकी-पुरुष म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की ही विद्या आम्हाला प्रेमाची देवी अफ्रोडाइटीने दिली. लिंडेन झाडाची साल घ्यायची, तिच्या तीन पट्ट्या करायच्या, बोटांभोवती गुंडाळायच्या, सोडायच्या, परत गुंडाळायच्या, आणि ते करता करता सांगत जायचं. हा बोटांचा तपशील मला फार जिवंत वाटतो, कुणीतरी हे शेजारी बसून पाहिलंय असं वाटतं. हिपॉक्रेटीसच्या परंपरेतल्या एका वैद्यकीय ग्रंथातही हेच लोक येतात. ते बायकांची कामं करतात, बायकांसारखं बोलतात, आणि बाकीचे सिथियन त्यांच्या पाया पडतात असं तिथे लिहिलंय. तो वैद्य म्हणतो की हे देवाचं काही नाही, सतत घोड्यावर बसल्याने होतं, आणि देवाचे म्हणाल तर सगळेच आजार सारखेच देवाचे. कारण त्याने चुकीचं दिलं असेल, पण एका प्रकारच्या माणसांवर देवाच्या कोपाचा शिक्का मारायचा नाही हे त्याने अडीच हजार वर्षांपूर्वी ठरवलं होतं.

आता युरिपिडीसच्या 'बाकाय' नाटकाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, ते त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ४०५ मध्ये अथेन्समध्ये झालं असं मानतात. सुरुवातीलाच म्हातारा टायरेसियस थीब्जचा संस्थापक म्हाताऱ्या कॅडमसला हाक मारून बाहेर बोलावतो, दोघांनी हरणाचं कातडं पांघरलंय, डोक्यावर वेल, हातात मद्याचा देव डायोनिसस याची काठी, दोघं नाचायला निघालेत. तरुण राजा पेंथियस त्यांना बघून संतापतो. त्याला सगळ्यात जास्त राग आहे तो नव्या आलेल्या देवाच्या, म्हणजे डायोनिससच्या, बायकी दिसण्याचा, लांब केसांचा, गोऱ्या कातडीचा. आणि नंतर तोच पेंथियस, डोंगरावर बायका काय करतात ते चोरून बघता यावं म्हणून, बाईचे कपडे घालायला तयार होतो. डायोनिसस स्वतः त्याला तयार करतो. केसांची एक बट सुटलेली असते ती देव नीट आत खोचतो, कपड्याची चुणी सारखी करतो, आणि पेंथियस वळून वळून बघत विचारतो की मी आईसारखी दिसतेय की मावशीसारखी. त्याच क्षणी तो म्हणतो की मला दोन सूर्य दिसतायत, दोन थीब्ज दिसतायत, आणि तू मला बैलासारखा दिसतोयस. देव म्हणतो, आता तुला जे दिसायला पाहिजे ते दिसतंय.

पुढे त्याची सख्खी आई त्याला सिंह समजून फाडते, ते भयंकरच आहे. पण त्या कपड्यांच्या सीनमध्ये काय चाललंय बघा. बाईचा वेष अंगावर आल्याबरोबर त्याला दुहेरी दिसायला लागतं, आयुष्यात पहिल्यांदा देव दिसतो. फरक एवढाच की टायरेसियस सात वर्षं तसं जगला आणि पेंथियस फक्त लपून बघायला गेला होता. एकाच नाटकात युरिपिडीसने या दोघांना ठेवलं ही मला योगायोगाची गोष्ट वाटत नाही.

बदलाच्या बाकी गोष्टी बऱ्याच आहेत, सगळ्या इथे घेत नाही. क्रीटमधल्या फेस्टॉसची इफिस आहे, बापाच्या भीतीने मुलगा म्हणून वाढवलेली मुलगी, लग्नाच्या आदल्या दिवशी आयसिस देवीच्या देवळातून बाहेर पडताना तिची पावलं लांब पडायला लागतात. सुंदर गोष्ट आहे, पण कीनियसची गोष्ट जास्त लोकांनी वाचावी असं मला वाटतं आणि ती गोड नाहीये. कीनिस ही थेसलीतली मुलगी, समुद्रदेव पोसायडनने तिच्यावर बलात्कार केला आणि मग म्हणाला माग काय पाहिजे ते. ती म्हणाली, असं परत कधी माझ्या वाट्याला येऊ नये, मला बाईच ठेवू नकोस. ओव्हिड लिहितो की हे बोलताना शेवटचे शब्द आधीच जाड, पुरुषी आवाजात आले. पोसायडनने वर आणखी दिलं की कुठलंही शस्त्र अंगात शिरणार नाही. ती कीनियस नावाचा योद्धा झाली, इतका जुना आणि मोठा की 'इलियड'च्या पहिल्याच भागात म्हातारा नेस्टर त्याचं नाव आदराने घेतो. पुढे सेंटॉरांशी (अर्धा माणूस, अर्धा घोडा अशा प्राण्यांशी) लढाईत लॅट्रियस नावाचा सेंटॉर त्याला भर रणात जुन्या नावाने, 'कीनिस' म्हणून हाक मारतो, म्हणतो माझ्यासाठी तू बाईच, जा सूत कात, लढाई पुरुषांना सोड. जुनं नाव घेऊन हिणवणं! हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण आजही कुणाला खाली पाडायचं असेल तर पहिलं हत्यार तेच निघतं. शस्त्र शिरत नाही म्हटल्यावर सेंटॉर शेवटी त्याच्यावर झाडांचे बुंधे टाकून त्याला जमिनीत गाडतात. ऑलिम्पियाला सापडलेल्या इ.स.पू. सातव्या शतकातल्या एका ब्राँझच्या पत्र्यावर हा प्रसंग कोरलेला आहे. आणि तो संपला तेव्हा काय झालं हे कुणी पाहिलं, तर मोप्सस या द्रष्ट्याने. त्या ढिगाऱ्यातून एक पिवळसर पंखांचा पक्षी उडून गेला, आणि मोप्ससने त्याला नमस्कार केला, कीनियस म्हणूनच, नव्या नावाने. ज्याला दिसतं तो बरोबर नाव घेतो.

आता दुसरी बाजू, कारण हल्ली असंही वाचायला मिळतं की प्राचीन लोक किती मोकळे होते, त्यांना सगळं चालायचं, आपणच मागासलेले. मला तसं म्हणवत नाही. या गोष्टी पुरुषांनी लिहिल्यात, झ्यूस-हेराचा वाद हा मुळात नवऱ्याने बायकोला चिडवण्याचा सीन आहे, आणि टायरेसियसचं उत्तर बायकांच्या विरुद्ध वापरायला किती सोपं आहे ते वेगळं सांगायला नको. आणि गोष्टी सोडून खऱ्या माणसांकडे आलं की चित्र फार काळं होतं. डायोडोरसनेच (इ.स.पू. पहिलं शतक) ते लिहून ठेवलंय.

तो अरबस्तानातल्या अबाई गावच्या हेराइस नावाच्या मुलीची हकिकत देतो. तिचं सॅमियाडीस नावाच्या माणसाशी लग्न झालं. नवरा दूर प्रवासाला गेलेला असताना तिला आजार झाला, ओटीपोटाखाली सूज आली, ती फुटली आणि पुरुषाचं अंग बाहेर आलं. ही हकिकत आज वाचताना कुणालाही इंटरसेक्स, म्हणजे जन्मतः स्त्री-पुरुष दोन्हींची लक्षणं असलेल्या, शरीराची आठवण होईल. आई आणि नोकराणींनी ते लपवलं. नवरा परत आला, ती त्याच्याजवळ जाईना, त्याने कोर्टात दावा लावला, आणि निकाल तिच्या विरुद्ध जातोय असं दिसल्यावर तिने सगळ्यांसमोर कपडे बाजूला करून विचारलं की पुरुषाला पुरुषाबरोबर संसार करायला लावणार का. नंतर ती बापाचंच नाव घेऊन डायोफँटस झाली आणि घोडदळात भरती झाली. नवऱ्याचं तिच्यावर मनापासून प्रेम होतं, त्याने आपली मालमत्ता डायोफँटसच्या नावे केली आणि जीव दिला. आणि भविष्याचा धागा असा की सीरियाच्या अलेक्झांडर बालास राजाला आधीच सिलिशियातल्या अपोलोने कौल दिला होता, 'द्विरूप जिथे जन्मलं त्या जागेपासून जप'. कुणाला अर्थ लागला नाही. इ.स.पू. १४५ मध्ये तो याच अबाईत मारला गेला.

हे सांगून झाल्यावर डायोडोरस म्हणतो की मी हे करमणुकीसाठी लिहीत नाहीये, लोकांची अंधश्रद्धा जावी म्हणून लिहितोय, आणि मग तो पुढचं सांगतो. रोमजवळ राहणाऱ्या एका माणसाला कळलं की आपण जिच्याशी लग्न केलंय ती व्यक्ती अशीच आहे, त्याने सिनेटला कळवलं, सिनेटने एट्रुस्कन (रोमच्या शेजारच्या जुन्या लोकांच्या) शकुनवाल्यांचं ऐकून त्या व्यक्तीला जिवंत जाळायचा हुकूम दिला. डायोडोरसचे शब्द असे आहेत की जी व्यक्ती स्वभावाने आपल्यासारखीच होती, राक्षस वगैरे काही नव्हती, ती आजार न समजल्यामुळे मेली. थोड्याच दिवसांनी अथेन्समध्येही असंच एकाला जाळलं.

संपादक महाशय, मला हे वाचून बरेच दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. गोष्टीत जो उंबऱ्यावर उभा आहे तोच द्रष्टा, त्यालाच देव विचारतात. आणि रस्त्यावरच्या खऱ्या आयुष्यात द्रष्टा म्हणवणारा माणूस बोट दाखवतो आणि उंबऱ्यावरच्याला जाळतात. एकाच जगात ही दोन्ही होती. मग एक साधी ओळ, 'शापाने स्त्री झालेला', ही मला साधी वाटेनाशी होते, कारण त्या शकुनवाल्यांचीही हीच समजूत होती की असं शरीर म्हणजे देवांचा कोप. टायरेसियसची गोष्ट त्या समजुतीच्या विरुद्ध उभी आहे आणि आपण तीच त्यांच्या बाजूने छापली.

आपल्याकडे शिखंडी आहे, बृहन्नडा आहे, त्यांच्याशी तुलना करायचा मोह होतो, पण तो वेगळा आणि मोठा विषय आहे, दोन परंपरा घाईने एकत्र बांधल्या की दोन्हींची वाट लागते. तसंच टायरेसियसला 'ट्रान्स' किंवा 'जेंडर फ्लुइड' म्हणावं का असंही मला विचारतात. मी म्हणतो, आज ज्याला त्या गोष्टीत स्वतःचं काही सापडतं त्याने खुशाल म्हणावं, त्याला अडवणारे आपण कोण, फक्त ग्रीकांच्या डोक्यात हे शब्द होते असं समजू नये.

आम्ही काही जण दर आठवड्याला अशा गोष्टी एकत्र वाचतो, त्यात कॉलेजची मुलंही असतात. ओव्हिडच्या त्या ओळी वाचून झाल्यावर एकाने विचारलं, 'सात वर्षं ती बाई होती ना, मग तेव्हा तिचं नाव काय होतं?' आम्ही परत सगळ्या ओळी पाहिल्या. नाव नाही. सात वर्षं एका ओळीत निघून जातात, ती कुठे राहिली, कुणाशी बोलली, काय काम केलं, काहीच नाही, थेट आठवं वर्ष आणि साप. तो मुलगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, 'म्हणजे जे सगळ्यात महत्त्वाचं तेच लिहिलं नाही.' त्याला काय सांगावं मला कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही.

तर विनंती एवढीच की पुढच्या अंकात छोटी का होईना दुरुस्ती द्यावी. शाप आणि ज्योतिषी हे दोन्ही शब्द काढा. काय लिहावं असं विचाराल तर ओव्हिडचाच शब्द घ्या, 'जाणकार टायरेसियस, थीब्जचा द्रष्टा, जो सात वर्षं स्त्री म्हणून जगला'. चित्राखाली एवढं सहज मावतं.

आपला,
पुरवणीचा नियमित वाचक